डावीकडचा पास

जगातली प्रत्येक गोष्ट मोजता येते असं सुबोध टिपणीसला वाटायचं, आणि जी मोजता येत नाही ती नसतेच असंही वाटायचं. सिंगापूरच्या एका बँकेत त्याचं कामच ते होतं, दुसऱ्यांनी मांडलेल्या गणितांतली खोट शोधायची. त्यात तो इतका पटाईत की आमटीत मीठ कमी पडलं तर त्याची बायको अनघा पानं घेतानाच सांगून टाकायची, उगाच शोधायचे कष्ट नकोत. अशा माणसाच्या स्वतःच्या मुलीच्या खेळात खोट निघाली म्हटल्यावर तो हातावर हात ठेवून बसणं शक्यच नव्हतं.

मुलगी म्हणजे इरा, वय वर्षं पंधरा. ती आइस हॉकी खेळायची. बाहेर अंगाची लाही होत असताना आत बर्फाच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, या मुली स्टिका घेऊन एका काळ्या रबरी चकतीमागे धावायच्या. त्या चकतीला पक म्हणतात. इरा मधे खेळायची आणि तिच्या डाव्या हाताला तिची थोरली बहीण मधुवंती. घरात इंग्लिशशिवाय तोंड न उघडणाऱ्या या दोघी बर्फावर मात्र एकमेकींशी चक्क मराठीत ओरडायच्या, म्हणजे समोरच्या मुलींना पत्ता लागायला नको.

मधुवंती गेल्या वर्षी डेंगूने गेली. पाच दिवसांत. सतरा वर्षांची होती. याहून जास्त त्या घरात कुणी बोलत नसे.

त्यानंतर सहा महिने इरा भिंतीकडे तोंड करून पडून होती. उठली ती फक्त या खेळासाठी. म्हणून कोच आल्विनने एका रविवारी सुबोधला बाजूला घेतलं, तेव्हा तो हातातला फोन बंद करून ऐकायला लागला.

"मिस्टर सुबोध, शी पासिंग टू नोबडी, लाह," कोच म्हणाला.

गोष्ट अशी होती. डावीकडे आता एक नवी मुलगी खेळायची. इरा पास द्यायची तो तिला मिळायचाच नाही. तो तिच्या चार पावलं मागे, जिथे कुणीच नसायचं, तिथे जायचा. आधी सामन्यात एखाददुसऱ्या वेळी व्हायचं, आता दहा-दहा वेळा. महिन्याभराने बँकॉकच्या स्पर्धेसाठी निवडीचा सामना होता, आणि हे असंच चाललं तर कोच तिला घेणार नव्हता. इरा संघातून गेली की पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार, ही सुबोधची भीती. ती खरी होती, तिची थट्टा करण्यासारखं त्यात काही नाही.

कोचने एक पेनड्राइव्ह दिला. पन्नास वर्षांपूर्वीचे सोव्हिएत सामने होते त्यात. मातवेई ग्रेबेनोव नावाचा फॉरवर्ड, तोही मधे खेळणारा. त्याचा डावीकडचा साथीदार पेस्तोव एका उन्हाळ्यात नदीत बुडून मेला. "सेम प्रॉब्लेम," कोच म्हणाला. "पासिंग टू नोबडी. देन ही फिक्स इट. हाऊ, यू गो अँड फाइंड आउट."

झालं. सुबोधला काम मिळालं.

बुकित पंजांगच्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तो लॅपटॉप टीव्हीला जोडून बसायचा. खिडकीसमोरून एलआरटी, म्हणजे पुलावरची छोटी रेल्वे, जायची. राहत्या घरांचा ब्लॉक जवळ आला की तिच्या काचा आपोआप धुरकट व्हायच्या, आतल्यांना घरातलं काही दिसू नये म्हणून. सामन्यांचा आवाज त्याने पहिल्या दिवसापासून बंद ठेवला होता. रशियन कळत नाही, आणि कॉमेंट्री ऐकून मत बिघडतं, हे त्याचं शास्त्र.

आणि काय माणूस होता तो ग्रेबेनोव! पक त्याच्याकडे यायच्या आधीच्या तीन सेकंदांत तो चार वेळा मान वळवायचा, मागे कोण, बाजूला कोण, सगळं टिपून ठेवायचा. पक आला की खाली बघायचाच नाही. समोरचा बचावपटू चुकीच्या पायावर भार टाकेपर्यंत थांबायचा, आणि त्याने तो टाकला की दुसऱ्या बाजूने सहज निघून जायचा. जोर म्हणून कुठे दिसायचा नाही. पेस्तोव जिवंत असतानाच्या सामन्यांत तर तो डावीकडे न बघता पास द्यायचा आणि पेस्तोव तिथे असायचाच. सुबोधला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आठवड्याभरात तो या माणसाच्या प्रेमातच पडला.

मग पेस्तोव मेल्यानंतरचा मोसम सुरू झाला. पहिला सामना. डावीकडे नवा खेळाडू, आणि ग्रेबेनोवचे पास त्याच्या मागे, मोकळ्या बर्फावर. सुबोधने मोजले. तेवीस.

मोजता मोजता त्याला आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक खेळाडू कुठून कुठे गेला याच्या रेघा त्याच्या लॅपटॉपवरचा एक प्रोग्रॅम काढायचा. समोरच्या संघाचे बचावपटू त्या मोकळ्या जागेपाशी आले की त्यांच्या रेघा वाकायच्या. सरळ जायला पुरता रस्ता असताना ते वळसा घालून जात होते. एकदा तर एक जण तिथे खांदा चोरून, अंग आक्रसून निघाला. मग थांबून त्याने मागे वळून पाहिलं.

सुबोधने ते दृश्य सात वेळा पाहिलं.  पण जुनी फिल्म, मधल्या काही चौकटी गळाल्या असणार, असं म्हणून त्याने त्या रेघा सरळ करून टाकल्या. एक्सेलमध्ये 'दुरुस्त केले' असा शेराही मारला. याला तो शहाणपण म्हणायचा.

पुढे आकडे त्याला हवे तसेच निघाले. डावीकडच्या रिकाम्या जागेत पास तेवीस, मग एकोणीस, अकरा, चार. नवव्या सामन्यात शून्य. त्या सामन्यात ग्रेबेनोव मान ताठ ठेवून खेळला, डावीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिथून त्याचे गोल वाढत गेले. बाराव्या सामन्यापासून तर तो आणखी चौकस झाला, पक जवळ नसतानाही डावीकडे वळून बघायला लागला, सामन्याला पंधरा-सतरा वेळा, अगदी मोसमाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत. 'नजर सुधारली,' सुबोधने लिहिलं.

शनिवारी दुपारी त्याने इराला टीव्हीसमोर बसवलं. तिने नववा सामना पाहिला. 

"ही इज इग्नोरिंग हिम," ती शेवटी म्हणाली.

"कुणाला? तिथे कुणी नाहीये, इरा. तेच तर दाखवतोय."

"ओके." मग, "वॉज ही हॅपी आफ्टर दॅट?"

"त्या मोसमात एकतीस गोल केले त्याने."

इराने बापाकडे पाहिलं. मोठी माणसं लहान मुलांकडे बघतात तसं. "ओके बाबा. आय विल ट्राय."

ती आत गेल्यावर अनघा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "ती पास कुणाला देते ते तुला ठाऊक आहे."

"म्हणूनच थांबवायचं. कवटाळून बसली तर वेडी होईल ती."

"देऊ दे की रे. काय बिघडतं तुझं? दहा पास."

"संघातून काढतील तिला!"

त्यावर अनघा आत वळली. ती सुबोधइतकीच त्या भिंतीला घाबरत होती.

मग दोन आठवडे बापलेकीची शिकवणी चालली. मान ताठ, डावीकडे बघायचं नाही, पक आला की उजवीकडे किंवा सरळ. इरा निमूटपणे सगळं करत गेली. सरावात चुकीचे पास सहावर आले, मग दोनवर. कोच खूश झाला.

निवडीचा सामना शनिवारी सकाळी अकराला होता. अनघा आली नाही, घरी काम आहे म्हणाली. सुबोध जाकीट घालून प्रेक्षकांच्या बाकावर बसला, मांडीवर लॅपटॉप. इरा खेळली, आणि काय खेळली! पहिल्या भागात एक गोल, दुसऱ्या भागात एक पास असा की समोरच्या मुली बघतच राहिल्या. डावीकडे एकही नाही. मान ताठ. सुबोधचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा अभिमान स्वतःचाच होता.

दुसऱ्या भागानंतर, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या भागाआधीच्या सुट्टीत कोच बाकापाशी आला. सुबोधने त्याला हौसेने नववा सामना आणि आकडे दाखवले.

"नो साउंड?" कोचने विचारलं.

"गरज नव्हती."

कोच हसला. हॉकी अर्धी कानांनी खेळतात म्हणाला. पक हवा असेल तर खेळाडू स्टिक बर्फावर आपटतो, मला दे, मी इथे आहे. प्रत्येकाची आपटायची तऱ्हा वेगळी. पेस्तोव दोनदा आपटायचा. "युवर एल्डर वन, थ्री टाइम्स," तो म्हणाला. "व्हेरी लाउड, ना? होल रिंक कॅन हियर." मग बोलून गेलो म्हणून वरमला, आणि घाईघाईने मुलींकडे निघून गेला.

सुबोधने हेडफोन लावले. का लावले, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आधी पेस्तोव जिवंत असतानाचा एक सामना लावला. डावीकडे पेस्तोवची स्टिक दोनदा बर्फावर पडलेली दिसली आणि तेव्हाच आवाज आला. ठक-ठक. मग त्याने नववा सामना लावला. गर्दीचा कल्ला, स्केटांची खरखर. ग्रेबेनोवकडे पक आला.

ठक-ठक.

सुबोधने थांबवलं. एकेक चौकट मागे-पुढे करून चित्रातल्या सगळ्या स्टिका पाहिल्या. ज्या क्षणी आवाज होता त्या क्षणी एकही बर्फावर आपटली नव्हती. पुढे गेला. ग्रेबेनोवकडे पक आला की ठक-ठक. प्रत्येक वेळी. आणि प्रत्येक वेळी ग्रेबेनोवच्या मानेच्या शिरा ताणलेल्या. 'एकाग्रता वाढली' असं सुबोधने त्याच मानेविषयी लिहिलं होतं. आता त्याला कळलं, तो माणूस सगळा जीव एकवटून मान वळू देत नव्हता.

दहावा सामना. ठक-ठक, जरा हळू. अकरावा. खूप थांबून थांबून, कुणी बंद दारावर शेवटची थाप मारावी तसं. बारावा सामना त्याने आवाज पूर्ण वाढवून ऐकला. काही नव्हतं. गर्दी होती, स्केट होते, तेवढंच. आणि पडद्यावर ग्रेबेनोव डावीकडे वळून बघत होता. पुन्हा. पुन्हा. सतरा वेळा.

हेडफोन काढले तेव्हा खेळ केव्हाच सुरू झाला होता, संपतच आला होता. सुबोध धडपडत खाली काचेपाशी गेला. इराकडे पक होता, मान ताठ, आपण शिकवली तश्शी. त्याने दोन्ही हातांनी काच बडवली. "इरा! डावीकडे दे! डावीकडे दे गं!" आजूबाजूचे आईबाप बघायला लागले. जाड काचेपलीकडे त्याचा आवाज कसा जाणार? इराने पक उजवीकडे दिला, तिथल्या मुलीने गोल केला, आणि शिट्टी वाजली.

इरा संघात आली. कोचने तिथल्या तिथे सांगितलं. मुली तिच्या अंगावर पडल्या, कुणीतरी फोटो काढले. ती हेल्मेट काढून बाहेर आली तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि ओठ पांढरे पडले होते. ती येऊन त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि मराठीत बोलायला लागली.

"ताई सगळा वेळ मागत होती, बाबा. मी दिला नाही. तू म्हणाला होतास ना."

सुबोधने तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. "अजून... अजून मागतेय?"

"नाही. मगाशी थांबली." इराने रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं, पाच वर्षांची असताना बघायची तसं. "मी पुढच्या वेळी देईन तिला. ती येईल ना परत?"

मोसमाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत ग्रेबेनोव डावीकडे किती वेळा वळून बघत राहिला, ते सुबोधने स्वतःच्या हाताने मांडून ठेवलं होतं.

"येईल की," तो म्हणाला, आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला.