तासानंतर येणारा मुलगा

तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईकडे कुणी आपणहून येत नाही. परीक्षा जवळ आली की येतात, तेही तोंड पाडून. स्टाफरूममध्ये मी पाऊल टाकलं की सहकाऱ्यांना एकदम आपापले तास आठवतात, कारण कुणाचंही बोलणं मध्येच तोडून 'कशावरून?' असं विचारायची मला खोड आहे. म्हणून मी डबा माझ्याच खोलीत खाते. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा तासानंतर शंका घेऊन यायला लागला तेव्हा मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

शंका लवकर संपल्या, येणं चालू राहिलं. वर्गातल्या एका मुलीनं त्याला नकार दिला होता. मी ऐकून घेतलं. या वयात जग बुडतं आणि महिन्याभरात पुन्हा वर येतं. त्याचं काही वर येईना. ती कुठल्या बसनं जाते, खोलीतला दिवा कधी मालवते, हे तो मला सांगू लागला. मी चांगली खरडपट्टी काढली. दुसऱ्या दिवशी तो येतो की नाही, म्हणून दाराकडे डोळे लावून मात्र मीच बसले होते.

एका दुपारी तो हसतच आला. बऱ्याच दिवसांनी दाढी केली होती. सायकल मित्राला देऊन टाकली म्हणाला. का, असं विचारल्यावर म्हणाला, आता लागणार नाही. आणि मग अगदी सहज बोलला.

"शुक्रवारी संपवतो सगळं, मॅडम. तिचंही आणि माझंही. तुम्हाला म्हणून सांगतोय."

तो रडला असता तर मी समजूत काढली असती. तो शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. तो पुढच्या तासाला गेला आणि मी तडक प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्य म्हणाले, मुलं रागाच्या भरात काहीही बोलतात, एका वाक्यापायी पोराचं वर्ष कशाला वाया घालवायचं? जन्मभर दुसऱ्यांकडे पुरावा मागितला, आज माझ्यावर पाळी आली. मी बस सांगितली, दिवा सांगितला, सायकल सांगितली, त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मुलीला आणि दोघांच्या घरी कळवल्याशिवाय इथून हलणार नाही, असंही बजावलं. त्यांनी नाइलाजानं फोन उचलला.

संध्याकाळच्या आत मुलगी आईवडिलांकडे पोचली. मुलाला कॉलेजचे समुपदेशक दवाखान्यात घेऊन गेले, आणि तिथं त्याला ठेवून घेतलं. शुक्रवार आला तसा गेला. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? बाईंनी राईचा पर्वत केला, असं स्टाफरूममध्ये ठरून गेलं. माझी दुपार पुन्हा माझी एकटीची झाली, आणि ती मला खायला उठली.

पुढच्या आठवड्यात त्याची आई वसतिगृहातलं सामान न्यायला आली, आणि विचारत विचारत माझ्या खोलीपर्यंत पोचली. तो घरी फक्त तुमच्याबद्दल बोलायचा, म्हणाली. मग तिनं हळूच विचारलं, तक्रार कुणी केली ते तुम्हाला माहीत आहे का?

"मी केली," मी म्हणाले.

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागली. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्याही चालल्या असत्या.

"मला दिसत होतं, मॅडम. सुट्टीत घरी आला तेव्हाच दिसलं होतं. मी पांघरूण घालत राहिले." तिनं डोळे पुसले. "पण तक्रार तुम्ही केलीत हे त्याला कळू देऊ नका. तो रोज तुमची चौकशी करतो. बरा झाला की येईल तुमच्याकडे."

माझ्या मनात आलं, येऊ दे. क्षणभर खरंच तसं वाटलं.

"त्याला सांगा, मीच तक्रार केली म्हणून. पुढे कधी कळलं तर त्याचा कुणावरच विश्वास राहणार नाही."

"त्याला दुसरं कुणी नाही हो."

"मलाही नाही," मी म्हणाले. "तरी सांगा."