घंटावाल्याचा जिना

माझा नवरा दात करायचा. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर फक्त माप घेतात. कवळ्या आणि कॅपा करणारा माणूस वेगळाच असतो, तो मागच्या खोलीत बसतो आणि पेशंटला कधी दिसत नाही. हा त्या मागच्या खोलीतला. दिवसभर मेणात दाढा कोरायच्या, दाताच्या कडेला खऱ्यासारखी बारीक रेघ उठवायची, आणि संध्याकाळी सहाला घरी येऊन, हातपाय धुऊन, टीव्हीसमोर बसून मरायचं.

‘मरायचं’ हा त्याचाच शब्द. व्हिडिओ गेम म्हटलं की लोकांना पोरखेळ वाटतो, मलाही वाटायचा. पण त्याचा हा गेम म्हणजे नुसता छळवाद होता. चिलखत घातलेला एक माणूस, सात मजल्यांचा पडका मनोरा, आणि प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी तुमचा जीव घ्यायला टपून बसलेलं. एक चूक झाली की खेळ खलास, पुन्हा खालच्या दारापासून सुरुवात. सोपं करून घ्यायची सोय नाही. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर कमरेला घंटा बांधलेला एक धिप्पाड पहारेकरी होता. समोरच्याला मारलं की तो ती घंटा वाजवायचा. माझा नवरा त्याला घंटावाला म्हणायचा, आणि पहिल्याच महिन्यात घंटावाल्यानं त्याला दोनशे अकरा वेळा मारलं. आकडा मला पाठ आहे, कारण लोक मुलांचे मार्क सांगतात तशा अभिमानानं तो जेवताना सांगायचा.

“आणि यात तुला मजा येते?” मी विचारायची.

“खूप.”

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. सगळी शाळा मला बाई म्हणते, म्हणून घरात हाही बाईच म्हणायचा. एकदा म्हणाला, “बाई, नुसती नावं ठेवू नका, बसा खेळायला.” बसले. पहिल्याच पायरीवर एका कुत्र्यानं मला मारलं. मग पुन्हा मारलं. अकराव्या वेळी मी कंट्रोलर सोफ्यावर आपटला आणि चक्क रडले. बत्तीस वर्षांची बाई, कुत्र्यापायी.

त्यानं कंट्रोलर उचलला, शर्टाला पुसला.

“राग कुणाचा आला?”

“त्या कुत्र्याचा! गेम करणाऱ्याचा! तुझा!”

“म्हणूनच तुला मजा येत नाही. मला राग येत नाही, कारण दर वेळी चूक माझी असते. माझी चूक म्हणजे सुधारणंही माझ्याच हातात.”

मला ते पटलं नव्हतं. पण वर्गात मी पुढे तेच वाक्य वापरायला लागले, हेही खरं.

घंटावाला त्यानं एका रविवारी दुपारी पाडला. मी भांडी पुसत होते. ओरडला नाही, उड्या मारल्या नाहीत. कंट्रोलर खाली ठेवून खिडकीपाशी गेला, दोन्ही तळहात पँटला पुसत उभा राहिला. जवळ गेले तर म्हणाला, “पाय लटलटतायत गं.” पुढची दोन वर्षं तो रोज संध्याकाळी घंटावाल्याला इमारतीचा वॉचमन ओलांडावा तसा ओलांडायचा. पाचव्या मजल्यापर्यंत पोचला होता. तिथे एक म्हातारी होती, काठीवाली, तिनं त्याच्या नाकी नऊ आणले होते, आणि स्वारी मजेत होती.

एका संध्याकाळी मी वह्या तपासत होते. टीव्हीतून घंटा ऐकू आली. मी मान वर केली. दोन वर्षांत तो आवाज घरात झाला नव्हता.

“झोप लागली होती का?” मी थट्टेनं विचारलं.

“चुकलो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनदा. आठवडाभरानं त्यानं टीव्हीला शिवी दिली. मी वह्या ठेवून बाहेर आले. इतक्या वर्षांत या माणसानं गेमला कधी शिवी दिली नव्हती.

“कंट्रोलर बिघडलाय,” तो म्हणाला. “उजव्या अंगठ्याचं बटण अडकतंय. मी दाबतो आणि ते उशिरा लागतं.”

नवा कंट्रोलर आला. घंटा वाजतच राहिली. दरम्यान दवाखान्यातून दोन कवळ्या परत आल्या. एकीत दाढ तिरकी बसली होती, दुसरीला ओरखडा होता. डॉक्टर भला माणूस, काही बोलला नाही. पण मागच्या खोलीत माल परत येणं ही याच्यासाठी नवी गोष्ट होती. त्या रात्री जेवताना त्याच्या हातातून वाटी सुटली आणि आम्ही दोघंही सांडलेल्या आमटीकडे बघत बसलो.

तपासण्यांना दोन महिने गेले. मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलायच्या. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत चालल्यात, म्हणाल्या. आधी हात, मग पाय, मग आवाज आणि गिळणं, मग श्वास. थांबवणारं औषध नाही. नोंद करायची म्हणून त्यांनी विचारलं, “पहिल्यांदा कधी जाणवलं?”

“घंटावाल्यानं मारलं तेव्हा,” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“साडेचार महिन्यांपूर्वी,” मी म्हणाले.

त्यानं काम सोडलं. आपली हत्यारं, म्हणजे कोरण्या आणि मेणाचे चाकू, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला देऊन आला. गेम मात्र सोडेना. रोज सहाला बसायचा. हळूहळू कुत्र्याच्या पायरीवरच मरायला लागला, जिथे मी अकरा वेळा मेले होते. आता मला स्वयंपाकघरातून ते ऐकवत नव्हतं. आधी मरताना तो “अच्छा!” म्हणायचा, कुणी नवीन गोष्ट सांगितल्यासारखा. आता दात आवळायचा.

त्याची मोठी बहीण दर रविवारी यायची. त्या आम्हा सगळ्यांच्याच ताई. त्यांनी एकदा पत्त्यांचा एक साधा गेम आणला, एका बोटानं खेळता येणारा. त्यानं ताईंसमोर दोन डाव खेळून दाखवले, हसला, “छान आहे गं ताई,” म्हणाला. त्या गेल्यावर म्हणाला, “काढून टाक.”

“अरे, तेवढाच वेळ जाईल.”

“वेळ आपोआप जातोय की.”

मग एके संध्याकाळी माझाच तोल सुटला. “कशाला बसतोस मग?” मी म्हणाले. “राग येतो, मजा तर येत नाही, कशाला छळून घेतोस स्वतःला? आणि मलाही?”

तो म्हणाला, “आधी चूक माझी असायची, बाई. आता मला दिसतं तो कुठून येतोय. कधी सरकायचं ते कळतं. मी बरोबर असतो आणि तरी मरतो. आता चूक कुणाचीच नाही. तिचं काय करायचं ते मला कळत नाही.”

मी त्याच्या मांडीवरचा कंट्रोलर उचलला आणि शेजारी बसले.

“सांग,” म्हणाले. “तू बघ, मी दाबते.”

हे वाचायला गोड वाटेल, पण प्रत्यक्षात ते अजिबात गोड नव्हतं. तो भयंकर मास्तर निघाला. “आता! आत्ता म्हटलं ना! आता नव्हे, तेव्हा!” मी उजवं-डावं चुकले की डोक्याला हात लावायला जायचा आणि हात अर्ध्यात पडायचा, त्याचा त्याला आणखी राग. “शाळेत मुलांना असंच शिकवतेस का?” म्हणाला एकदा. मी म्हणाले, “शाळेतल्या मुलांना दोन हात असतात, ती स्वतः करतात.” बोलले आणि जीभ चावली. बोललेलं काय परत येतं? त्या दिवशी टीव्ही तसाच चालू राहिला, पडद्यावर तो चिलखतवाला दारात उभा, आणि आम्ही दोन टोकांना दोघं.

दुसऱ्या दिवशी सहाला मीच सुरू केलं. त्यानं ओरडणं सोडलं आणि मोजायला लागला. “एक, दोन, सरक. एक, दोन, तीन, मार.” कुत्रा गेला. पहिला मजला गेला. मला कळायला लागलं की हा तो मनोरा पाढ्यासारखा म्हणत होता, आणि पाढे शिकवणं तर माझं काम. मग मजा म्हणजे काय ते मलाही एकदा दिसलं. मी मेले आणि माझ्याच तोंडून “अच्छा!” निघालं. तो हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला.

घंटावाल्याशी आम्ही सात आठवडे झुंजलो. तोवर खुर्चीला चाकं आली होती, आणि आवाज जड झाला होता. ‘सरक’मधला ‘स’ नीट निघत नव्हता. आकडे मात्र कळायचे. एका शनिवारी, शाळा लवकर सुटली होती, ऊन थेट टीव्हीवर येत होतं म्हणून पडदा ओढून घेतला होता, आणि त्याचे आकडे आणि माझे अंगठे एकदाचे जुळले. घंटावाला गुडघ्यावर आला, कोसळला, आणि घंटा जिन्यावरून गडगडत खाली गेली. ती अशी गडगडते हे मला माहीतच नव्हतं. मी किंचाळले. उठून उभी राहिले, त्याच्याकडे वळले.

तो रडत होता. क्षणभर मला ते आनंदाचेच अश्रू वाटले.

“छान,” तो म्हणाला. मग म्हणाला, “खुर्ची खिडकीकडे कर.”

केली. मागे उभी राहिले. माझे पाय लटलटत होते आणि हे ज्याला सांगायचं तोच पाठमोरा बसला होता. तो अडखळत म्हणाला, “माझा होता तो.”

मी ‘आपण दोघांनी पाडला’ वगैरे म्हणू शकले असते. म्हणाले नाही. त्यानं मोजलं आणि मी मारलं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी मी शहाणपणा केला. घंटावाल्यासमोर गेले आणि मुद्दाम अर्धा क्षण उशीर केला. घंटा वाजली. “अरेरे,” म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. एकेक शब्द सुटा करून बोलला, “मुद्दाम मेलीस.”

“नाही रे, बटण…”

“बाई. कीव नको. सगळे करतात. तू नको.”

त्यानंतर मी कधी खोटं मेले नाही. चौथा मजला झाला, पाचव्यावर म्हातारी आली. आता तो आकडे बोलू शकत नव्हता, पापणी मिटायचा. एकदा मिटली की सरक, दोनदा मिटली की मार. पडद्याकडे बघू की त्याच्या डोळ्यांकडे, अशा गोंधळात मी तिच्या हातून शेकड्यानं मेले. शेवटी त्याची खुर्ची टीव्हीला लागून लावली, म्हणजे दोन्ही एकाच नजरेत दिसतील. ताई म्हणाल्या, “हे काय, टीव्हीपेक्षा याचंच तोंड मोठं दिसतंय.” त्यावर तो दोनदा पापणी मिटून हसला. म्हणजे मार!

म्हातारी पडली तेव्हा तो खिडकीकडे वळला नाही. डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. समाधान होतं की थकवा, मला आजही सांगता येणार नाही. विचारायचं होतं. पण त्याच आठवड्यात त्याच्या छातीत कफ भरला, हॉस्पिटलात हलवावं लागलं, आणि पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला, मी शाळेत रजेचा फोन करायला कॉरिडॉरमध्ये गेले असताना, तो गेला. मुख्याध्यापिका फोनवर म्हणत होत्या, “घाई करू नका, जितके दिवस हवेत तेवढे घ्या.” मी “हो” म्हणत परत आले तर नर्स पलंगाजवळ नुसती उभी होती.

तीन महिने मी टीव्हीला हात लावला नाही. मग एकदा सहा वाजता रिकाम्या सोफ्याकडे बघवेना म्हणून लावला. कुत्रा, घंटावाला, म्हातारी, सगळं मनात आकडे मोजत पार केलं, आणि सहाव्या मजल्याचं दार उघडलं. इथे तो कधीच आला नव्हता. आत पाणी होतं, गुडघाभर, आणि पाण्याखाली काहीतरी फिरत होतं. ते कधी येतं, किती मोजायचं, कुठे सरकायचं, सांगायला कुणी नव्हतं. मी चार पावलं टाकली आणि मेले. पुन्हा आले, पुन्हा मेले. राग आला नाही. मजाही आली नाही. चूक माझीच होती, आणि ती सुधारली तरी सांगणार कुणाला?

मागच्या रविवारी ताई आल्या. मी खेळत होते ते पाहून शेजारी बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. गेम म्हणजे काय ते त्यांना आजही कळत नाही. मी पाण्यात उतरले, मेले. पुन्हा खालून सगळं चढून आले, उतरले, मेले.

“डावीकडून येतंय गं ते,” ताई एकदम म्हणाल्या. “बुडबुडे दिसत नाहीत का तुला?”

मी पाहिलं. खरंच बुडबुडे होते. मी उजवीकडे सरकले, वाचले, दहा पावलं पुढे गेले आणि तिथे दुसऱ्याच कशानं तरी मेले.

“त्याला आवडलं असतं,” ताई म्हणाल्या, आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. मी कंट्रोलर खाली ठेवला. पडद्यावर तो चिलखतवाला खालच्या दारात उभा होता. टीव्ही बंद करायला कुणीच उठलं नाही.