अधिकाचं चिन्ह

नातवंडांनी मोबाईलवर घरचा ग्रुप केला आहे. त्यात कोणी लिहायचं आणि कोणी नुसतं वाचायचं, ते ठरवता येतं म्हणे. मला त्याचं नवल वाटलं नाही. नव्व्याण्णव साली मी त्यापायी जेवण सोडलं होतं.

सम्राट तेव्हा अमेरिकेत शिकत होता. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बाहेर गेलेल्या मुलांनी इंटरनेटवर एक गप्पांची खोली काढली होती. आपल्याकडची रविवार सकाळ म्हणजे त्यांची शनिवारची रात्र; तेव्हा सगळे जमत. पुढे कोणीही येऊन काहीबाही लिहू लागलं, म्हणून सम्राटनं तिथे एक आपोआप चालणारा प्रोग्राम बसवला. मुलं त्याला पहारेकरी म्हणत. पहारेकऱ्यानं ज्याच्या नावापुढे अधिकाचं चिन्ह लावलं, त्यानंच लिहायचं. बाकीच्यांनी वाचायचं.

"आई, तुला मी कायमचं चिन्ह लावून ठेवतो," सम्राट फोनवर म्हणाला. "तू कुठल्या कॉम्प्युटरवर बसतेस?"

"पहिल्या. पंख्याखालच्या."

आमच्या गावातल्या दिल्लीगेटजवळच्या गोरक्षच्या सायबर कॅफेत मी एकटीच जात असे. त्या रविवारी मात्र माझ्या थोरल्या जाऊबाई, बनाबाई, सोबत निघाल्या. त्यांचा नितीन नागापूरच्या कारखान्यात कामाला, रोज रात्री त्यांच्याच हातची भाकरी खाणारा. त्यांना कॉम्प्युटरवर कोणाशी बोलायचं होतं? पण थोरल्या जावेला नाही कोण म्हणणार! कॅफेत शिरताच मी सवयीनं म्हणाले, "बाई, तुम्ही पंख्याखाली बसा." आमच्या घरात चांगली जागा थोरलीची. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसले.

गोरक्षनं नावांच्या जागी नेहमीसारखे कॉम्प्युटरचे आकडेच घातले होते; अधिकाचं चिन्ह बनाबाईंच्या आकड्यापुढे लागलं. माझ्यापुढे काहीच नाही.

सम्राटनं लिहिलं, "गुडघा कसा आहे?" बनाबाईंचेही गुडघे दुखत. त्यांनी एका बोटानं, एकेक इंग्रजी अक्षर शोधत उत्तर दिलं. मग त्यानं हाहाहा लिहिलं, त्या हसल्या. मी नुसती वाचत राहिले.

"बाई, मी पण आलेय म्हणून सांगा त्याला."

"सांगते गं. जरा दम धर की. लेकरू बोलतंय न्हवं?"

लेकरू! पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. बनाबाई आता आपणहून पंख्याखाली जाऊन बसत. गल्लीतल्या भागूबाईला सांगत, "आमचा सम्राट माज्याशी लई बोलतो बया." माझ्या मुलानं मला वगळून काकीला मान दिला, हे मी गिळायचं कसं? फोनवर विचारायचा मला अपमान वाटे. एका रविवारी डोकं दुखतंय म्हणून मी घरीच पडून राहिले, जेवलेही नाही. बनाबाई एकट्याच गेल्या.

त्या आठवड्यात सम्राटचा फोन आला. "आई, तू म्हणालीस तसंच करतो. इथेच आणखी शिकायला अर्ज टाकतो."

"मी कधी म्हणाले?"

"रविवारी. मी विचारलं, परत येऊ की थांबू? तू लिहिलंस, थांब बाळा, शीक."

माझा तोल सुटला. "ज्या काकीला बोलायचा मान दिलास, तिलाच आई म्हण मग!"

"काकीला? अगं, नाव कोणीही कोणाचंही घेतं, म्हणून मी पहारेकऱ्याला कॉम्प्युटर ओळखायला सांगितलाय. तूच म्हणालीस ना, पहिला? त्यावर जी बसेल तिलाच चिन्ह लागतं; मला वाटलं, तूच."

फोन ठेवला आणि तशीच बनाबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. त्या लसूण सोलत होत्या.

"बाई, माझ्या पोराला थांब म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"त्यानं इचारलं, मी सांगितलं." त्यांनी मान वर केली नाही. "तू काय म्हनली असतीस?"

"ये म्हटलं असतं!"

"म्हनून तर. माज्या नितीनला पुन्याला शिकायला जायचं हुतं. मी म्हनलं, नगं जाऊ. आता रोज भाकर खातो न् माज्याशी बोलत न्हाई. तुजा एवढ्या लांबून बोलतो."

नितीनचं ऐकून वाईट वाटलं, पण राग गेला नाही. त्या बरोबर होत्या, याचा तर जास्तच आला.

रविवारी मी पुढे चालले आणि सरळ पंख्याखाली बसले. बनाबाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या खुर्चीवर टेकल्या.

"आई बोलतेय," मी लिहिलं. "मागच्या वेळी काकी होती. आता पुन्हा विचार."

पलीकडून अक्षरं उमटली, "येऊ की थांबू?"

ये लिहायला दोनच इंग्रजी अक्षरं लागली असती. पहिल्या अक्षरावर बोट होतंच. ये म्हटलं असतं तर तो आला असता, आणि थांब म्हणणारी काकीच त्याला जन्मभर आठवली असती. तो शब्द मी बनाबाईंकडे राहू देणार नव्हते.

"थांब," मी लिहिलं. "हे तुझी आई म्हणतेय."

शेजारी बनाबाई घाईघाईनं काहीतरी टाईप करत होत्या. ते कुठेच उमटत नव्हतं.

"लंका, माजं का गं जाईना?"

"दम धरा, बाई," मी म्हणाले, आणि पंख्याखाली ऐसपैस बसले.