बुजवलेला झरोका

मित्रांनो, हात शेकायला माझ्याजवळ येऊ नका. मी आता गार आहे. मी एक जुना हीटर आहे, गॅसवर चालणारा, भिंतीला टेकून बसणारा. सध्या एका दुरुस्तीच्या दुकानामागे, भंगारात उभा आहे. माझे तोंड भिंतीकडे केलेले आहे, आणि ते बरेच झाले. माणसांना तोंड दाखवणे मला आता जड जाते. पण माझ्या जातीचे कोणी तुमच्याही घरात असेल, म्हणून मन घट्ट करून बोलतो.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, त्यावर तपकिरी मुलामा चढवला, पोटात जाळी बसवली. शेवटी एका तपासनीस बाईने मला पेटवून पाहिले. ज्योत निळी आली. बाई म्हणाली, “हा शहाणा आहे, जाऊ द्या पुढे.” मित्रांनो, निळी ज्योत हीच आमची अब्रू. ती पिवळी पडली की समजावे, हीटरचा श्वास कोंडला आहे. कारण आम्हीही माणसासारखी खोलीतलीच हवा घेतो. हवा भरपूर असली तर आम्ही ऊब देतो, आणि जळून उरलेला धूर धुराड्यातून वर पाठवतो. हवा कमी पडली तर आमच्याच पोटातून असे विष बाहेर पडते, की त्याला ना वास ना रंग. देवाने ऊब आणि विष एकाच ज्योतीत ठेवले आणि मधली राखण माणसावर सोपवली.

मी ज्या घरी आलो ते दुमजली होते, खाली रस्ता. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली आत्याची. घरात सगळे तिला आत्याच म्हणत. भावाच्या माघारी तिने त्याच्या मुलाला, म्हणजे आपल्या भाच्याला, शिवणकामावर वाढवले होते. शर्टाची काजी हाताने करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. शिंप्यांची दुकाने शर्ट शिवत आणि काज्यांसाठी आत्याकडे पाठवत. एक काजे, तीस टाके, आणि तिसांतला एकही टाका शेजाऱ्याला धक्का देणार नाही. सकाळी मला पेटवताना ती देवाचे नाव घ्यायची, मग चष्मा लावायची, मग सुई. हा क्रम वीस हिवाळ्यांत मोडला नाही.

मला बसवले ते गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या मिस्त्रीने. हात सोन्याचा, पण वेळेच्या नावाने आनंद. कधी येता विचारले की म्हणायचा, उद्या. त्यामुळे अख्खी गल्ली त्याला उद्यामिस्त्री म्हणे. मला बसवण्याआधी त्याने रस्त्याकडच्या भिंतीत, छताखाली हातभर अंतरावर, छिन्नीने वीतभर झरोका पाडला आणि त्याला जाळी लावली. आत्या कुरकुरली, की ऊब राहावी म्हणून हीटर घेतला आणि तुम्ही थंडीला दार करून देता. तेव्हा तो म्हणाला, “हे त्याचं नाक आहे, आत्या. नाक दाबलं तर तोंडातून काय येईल ते सांगवत नाही.”

दरवर्षी थंडीच्या आधी तो यायचा. सांगितल्या दिवशी नाही, पण यायचा. झरोक्यातली जळमटे काढायचा, धुराडे ठोकून बघायचा, मला पेटवून माझ्या माथ्याशी कागदाची बारीक पट्टी धरायचा. पट्टी आत ओढली गेली की समजायचे, धूर वर जातो आहे. मग तासभर बसून चहा, आणि साऱ्या गल्लीची खबरबात. भाच्याला हे आवडत नसे. तो म्हणायचा, कागद धरायला याला एक तास लागतो.

मग तो उन्हाळा आला. खोली तापायची. आत्याच्या बोटांना घाम, आणि पांढऱ्या शर्टांवर त्याचे डाग. दोन दुकानांनी काम परत पाठवले. आत्या कुणाला बोलली नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही. भाच्याने ते पाहिले आणि ठरवले, आत्याच्या खोलीत गार हवेचे यंत्र लागलेच पाहिजे. त्याची माया खोटी नव्हती, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्याला नावे ठेवाल.

आधी तो मिस्त्रीकडेच गेला. मिस्त्री म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या. चौथ्या दिवशी भाचा खोलीत येऊन फोनवर जाहिरातींतले नंबर फिरवू लागला. तिघांना विचारले. तिघांनाही एकच प्रश्न, “कधी येता?” जो म्हणाला, “तासाभरात,” तो ठरला.

ते खरेच तासाभरात आले. दोघे जण, इस्त्रीचे कपडे, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या. बोलणे असे गोड, की आत्याने आपणहून सरबत दिले. यंत्राचा एक भाग आत, एक बाहेर. मधल्या तांब्याच्या नळ्यांसाठी भिंतीला भोक लागते. एकाने गिरमिट काढले. दुसऱ्याने वर पाहिले आणि म्हणाला, “थांब. भोक तर तयारच आहे. भिंत कशाला फोडायची?” जाळी निघाली. माझ्या नाकातून नळ्या गेल्या. उरलेली फट त्यांनी पांढऱ्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, अशी लिंपली, की गार हवेचा कणही बाहेर जाऊ नये. भाचा खूश झाला. भिंत वाचली, धूळ झाली नाही. आत्याही खूश झाली, कारण त्या दुपारी तिची बोटे कोरडी राहिली. मी ऐन उन्हाळ्यात विझलेला. माझ्याकडे कोण बघतो?

त्या संध्याकाळी भाचा हसत आत्याच्या खोलीत आला आणि घडलेले सांगू लागला. येताना मिस्त्रीच्या दुकानापुढे चार माणसे उभी होती, त्यांच्यासमोर त्याने विचारले होते, “काय मिस्त्री, तुमचा उद्या उगवला का? आमच्याकडे थंडगार झालंसुद्धा.” सगळे हसले होते. मिस्त्री मात्र पान्याला तेल लावत खाली मान घालून बसला होता.

आत्याने सुई खाली ठेवली. म्हणाली, “असं चारचौघांत बोलू नये रे. माणूस उशिरा येतो, पण आपल्या घराच्या भिंती त्याला पाठ आहेत.”

थंडी पडली तशी ती दोनदा म्हणाली, मिस्त्रीला बोलाव. भाच्याला आता कुठल्या तोंडाने जावे ते कळेना, म्हणून त्याने त्याच कंपनीला फोन केला. नवाच माणूस आला. त्याने माझी जाळी पुसली, धुराड्याला टिचकी मारली. मी क्षणभर निळा पेटलो; दार उघडे होते ना. आत्याने भीतभीत विचारले, “आमचा मिस्त्री कागद धरून बघायचा, तुम्ही नाही का बघत?” तो हसून म्हणाला, “आजी, कागदाचे दिवस गेले.” आणि माझ्या कपाळावर गोल, चकचकीत कागद चिकटवून गेला: तपासणी पूर्ण. वाईट नव्हता बिचारा. त्याला दिवसात अशी अकरा घरे होती. छताखाली त्याला गार हवेच्या नळ्या दिसल्या, झरोका दिसला नाही. बुजलेला झरोका शोधायला आधी तिथे झरोका होता हे ठाऊक असावे लागते.

पहिल्या आठवड्यात आत्याचे डोके दुखू लागले. तिला वाटले, चष्म्याचा नंबर वाढला. बाहेर गेली की बरे वाटे, खोलीत आली की पुन्हा ठणका. ती कपाळाला बाम चोळायची आणि काम ओढायची. माझी ज्योत कडेने पिवळी होऊ लागली होती, माथ्यावर काजळी धरली होती. आत्या ती काजळी फडक्याने पुसायची आणि मलाच म्हणायची, “म्हातारा झालास हं तू.” काय सांगू, मित्रांनो. वीस वर्षे जिला ऊब दिली, तिला ओरडून सांगायला माझ्याजवळ जीभ नव्हती. स्वतःला विझवायला हात नव्हता.

तो दिवस पावसाळी होता. तीस शर्ट संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावलेल्या. आत्याने दारही लोटून घेतले. दुपारी तिने तीनदा सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. तिला ते गमतीचे वाटले असावे, ती जराशी हसली. मग शर्टांच्या ढिगावर तिने डोके टेकले.

चार वाजता भाचेसून चहा घेऊन आली. लेकीच्या मायेने तिने पाहिले, की आत्याला डुलकी लागली आहे, गालही कसे छान गुलाबी दिसताहेत. तिने कप ठेवला. आत्याच्या खांद्यांवर शाल घातली. आणि आवाज होऊ नये म्हणून दार हलक्या हाताने, अगदी घट्ट, लावून घेतले.

अर्ध्या तासाने ती कप न्यायला आली तेव्हा चहावर साय धरली होती. हलवले तर मान कलंडली. ती स्वतः भोवंडली, तरी आत्याला काखेत धरून फरफटत बाहेर घेऊन गेली. दार सताड उघडे राहिले. हवा आली आणि माझी ज्योत निळी झाली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता मिस्त्री आला. थेट शिडी लावून वर चढला आणि झरोक्यातली लांबी छिन्नीने उकरू लागला. भाचा रुग्णालयातून कपडे न्यायला आला होता. तो दारातच थबकला.

“आता आलात?”

मिस्त्री वरूनच बोलला. “मला दिसलं होतं.”

“काय दिसलं होतं?”

“नळ्या. झरोक्यातून बाहेर आलेल्या. उन्हाळ्यातच, खालून जाताना. मनात म्हटलं, हिवाळ्याला हा येईलच माझ्याकडे. येऊ दे, मग सांगतो याला.” छिन्नी थांबली. “थंडी पडली. तू आला नाहीस. मी रोज खालून वर बघायचो. चार पायऱ्या चढायच्या होत्या. त्या दिवशी लोक हसले होते, ते काही केल्या जाईना डोक्यातून.”

मला वाटले, भाचा शिडी ओढून पाडतो की काय. पण तो खाली बसला, शर्टांच्या ढिगाशी, आणि म्हणाला, “मी विचारलंच नाही हो कुणाला. ते भोक कशाचं आहे, एवढंसुद्धा नाही.” मिस्त्रीने पुन्हा छिन्नी चालवली. लांबीचे तुकडे फरशीवर पडत राहिले.

आत्या वाचली. बाराव्या दिवशी घरी आली. पण जी गेली होती ती आली नाही. भाच्याला ती दादा म्हणते, म्हणजे आपला वारलेला भाऊ समजते, आणि विचारते, मुलगा कुठे आहे? भाचेसुनेने एकदा तिच्या हातात सुई दिली. तिने ती उलटसुलट पाहिली, नमस्कार केल्यासारखी कपाळाला लावली आणि परत दिली. तीस शर्टांचे ते काम अठ्ठाविसाव्या शर्टावर थांबले. उरलेली काजी शिंप्याने यंत्रावर करून घेतली.

मला मिस्त्रीने सोडवून खाली, आपल्या दुकानामागे आणले. भाचा म्हणाला, डोळ्यांसमोर नको. माझ्या कपाळावरचा चकचकीत कागद अजून आहे. ऊन-पाऊस लागूनही निघत नाही. मिस्त्री आता थंडीच्या आधी गल्लीत दारोदार जातो आणि झरोके बघू द्या म्हणतो. काही जण बघू देतात. काही जण म्हणतात, बोलावलं कुणी तुम्हाला? तो ऐकून घेतो आणि पुढचे दार वाजवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी ऊब किंवा गारवा आणायला कोणी येणार असेल, तर वडीलधाऱ्यांना सांगा, कधी येता हे विचारा, पण त्याआधी काय काय बघाल ते विचारा. जो धुराडे बघेल, झरोका बघेल, आधीचे यंत्र कुठून श्वास घेते ते बघेल, त्याला घरात घ्या, मग तो दोन दिवस उशिरा का येईना. भिंतीतले कुठलेही भोक, ते कशासाठी आहे हे कळल्याशिवाय बुजवू नका. आणि कुणाचा झरोका बुजलेला तुम्हाला दिसला, तर त्याच्याशी अबोला असला तरी वर जा, दार वाजवा, सांगा. राग ठेवायला माणसाच्या मनात पुष्कळ जागा असते. बंद खोलीत हवा मात्र थोडीच असते.