नावाची पट्टी

"दाराचं हँडल काढू या," रामदास गमरे म्हणाला, "आणि स्क्रूची डोकी पण आत बसवू. जे वर येतंय ना शेठ, त्याला वारा धरतो."

परळच्या त्या गॅरेजात अठरा वर्षं पत्रा ठोकणाऱ्या माणसाने वाऱ्याचं शास्त्र सांगावं, याचं गॅरेजचे मालक पाठारेशेठ यांना हसू येई. पण शर्यतीची गाडी त्याच्याच हाती दिली होती. रामदासची बायको, कौसल्या, गिरणीतून टाकाऊ सूत आणी. रामदास त्याचे तुकडे गाडीभर चिकटवी आणि पहाटे वरळीच्या रस्त्यावर वारा कुठे अडतो ते दुसऱ्या मोटारीतून बघत जाई. सूत पत्र्याला धरून राहिलं तर ठीक, फडफडलं की पुन्हा ठोकाठोक. गाडीचं शेपूट त्याने असं चार वेळा निमुळतं केलं. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा दारावरून गेला तरी हातोडी थांबली नाही.

शेठनी कबूल केलं होतं, "पहिली आली तर मागे तुझ्या नावाची पितळी पट्टी लावू." रामदासच्या बापाला जन्मभर कुणी पुऱ्या नावाने हाक मारली नव्हती. दोन वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आपलं नाव कुठेतरी पुरं लिहिलेलं बघायची रामदासला आसच लागली होती.

गाडी पहिली आली, पट्टीही लागली. कौसल्येने एकेक अक्षर लावून ती वाचली.

आठवड्याने मलबार हिलचे एक साहेब गाडी विकत घ्यायला आले. पट्टीपाशी वाकले.

"हे गमरे म्हणजे कोण?"

"आमच्याकडचा कामगार," शेठ चाचरले.

साहेब पट्टीपासून दोन पावलं मागे सरले. त्या मागे सरण्याचा अर्थ रामदासला चांगला ठाऊक होता.

ते गेल्यावर शेठ म्हणाले, "पट्टी काढून टाक. तूच म्हणतोस ना, वर येतं त्याला वारा धरतो?"

"तिथं नाय धरत, शेठ. सूत लावून दाखवतो."

"गाडी विकायचीय रे. डोकं चालवू नकोस."

हातोडी त्या शेपटावरच घालावी असं रामदासला वाटलं. शेठनी त्याचंच शहाणपण त्याच्या तोंडावर फेकलं होतं. त्याने पट्टी उतरवली. स्क्रूची भोकं ओबडधोबड सोडता आली असती, पण वाईट काम त्या हातांना येतच नव्हतं. त्याने ती वेल्डिंगने बुजवली, कानस फिरवली, पॉलिश मारलं.

संध्याकाळी गिरणी सुटल्यावर कौसल्या आली. "कुठं होती हो पट्टी?"

त्याने पत्र्यावरून तळवा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. जागा त्यालाही सापडली नाही.