घाटावरची चांदणी

माझी धाकटी जाऊ साळू, हिला एक वाईट खोड. कापणीचे दिवस आले की पहाटे अंगणात यायची आणि मान वर करून उभी राहायची. जसं काही आभाळ तिने वरंधच्या माहेराहून आंदणात आणलंय!

आमची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, बारा घरांची. आश्विनात भात दवातच कापावं लागतं, ऊन चढलं की दाणा झडतो. घड्याळ कुणाकडे नव्हतं. तिकांड्याच्या तीन चांदण्या डोक्यावर आल्या आणि शुक्र डोंगरावर निघाला की मी हाक मारायची, मग वाडी उठायची. हा मान मला सासूने दिलेला. वीस वर्षांत एकदा चुकले नव्हते.

पण आणीबाणी लागली त्या साली तीन चांदण्यांची मला एकच पुसट रेघ दिसायला लागली. कुणाला सांगितलं नाही. आणि शेजारची राहीबाई माझ्यादेखत साळूला विचारते, "साळू गो, उद्या कवा निघायचं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. साळूच्या आधी अंगणात आले. डोंगराच्या खांद्यावर ठसठशीत उजेड. शुक्रच! "उठा गो, उठा!" मी ओरडले. बायका विळे घेऊन निघाल्या. साळूने आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विळा उचलून मागून आली.

खाचराच्या बांधावर आम्ही कुडकुडत बसलो. उजाडेना. मग शुक्र हलला. वळणावळणाने खाली उतरायला लागला, आणि इंजिनाची घरघर ऐकू आली. घाटात बंद पडून उभा राहिलेला एका दिव्याचा ट्रक!

राहीबाई हसून लोळायची बाकी. "बाय, तुजा शुक्र पोलादपुरात चाय प्यायला चालला गो!"

"तिला नका हसू," साळू म्हणाली. "मीच बायला उठवलं. माजाच डोळा चुकला."

मग सगळ्या तिला हसल्या, आणि ती खाली मान घालून बसली. केवढा हा मोठेपणा! तिथंच तिच्या झिंज्या धराव्यात असं वाटलं. आजवर मला कुणी असं पाठीशी घातलं नव्हतं.

तांबडं फुटलं, बायका उठल्या, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं,

"साळू, खोटं बोलाया तुला येत नाय. डोळे मात्र तुजे खरे हायत. उद्यापासून हाक तू मार. पण पोटातनं मार गो. चिमणीवानी चिवचिवलीस तर मी काय उठायची नाय."