कोपरा फुटलेली स्लाईड

मित्रांनो, मी एक जुनी स्लाईड आहे. बोटभर लांबीची काचेची पट्टी, तिच्यावर गुलाबी-जांभळा ठिपका आणि ठिपक्यावर झाकण म्हणून आणखी एक पातळ काच, एवढाच माझा देह. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, लाकडी खोक्याच्या एका खाचेत मी उभी असते. माझा एक कोपरा फुटलेला आहे. मला ओळखायचं कसं असं कुणाही विद्यार्थ्याला विचारा, तो म्हणेल, कोपरा बघा, बाकी काही बघू नका.

काच म्हणून माझ्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखा आहे तो ठिपका. तो एका बाईच्या छातीतून आला आहे. ती मुंबईच्या एका दवाखान्यात बाळंत झाली आणि बाळाला पोटभर पाजण्याआधीच गेली. घरच्यांनी तिचा देह शिकणाऱ्या मुलांसाठी दिला. तिचं नाव मला कुणी सांगितलं नाही. तिच्या छातीतला वाटाण्याएवढा तुकडा आधी औषधात बुडवला, मग अल्कोहोलात त्यातलं पाणी काढलं, मेणात तो गाडला आणि धारदार पात्याने त्याचे पापुद्रे सुटे केले. कांद्याचा पापुद्रा जाड म्हणावा, इतके ते पातळ होते. त्यातला एक माझ्या वाट्याला आला. मग रंग चढवले आणि मी तयार झाले.

भिंगातून पाहिलं की माझ्यात लहान लहान गोल खोल्या दिसतात. प्रत्येक खोलीची भिंत म्हणजे पेशींची एक ओळ, आणि खोलीत गुलाबी साका. तो साका म्हणजे दूध. एका बाळासाठी आलेलं आणि कुणीच न प्यायलेलं. खोल्यांच्या मधून एक नळी जाते. दुधाला बाहेर पडायला वाट नको का?

सुरुवातीला माझं कौतुक होतं. तेव्हाच्या बाई मला सगळ्यात शेवटी दाखवायच्या आणि म्हणायच्या, "सावकाश बघा रे. ही आईची ग्रंथी आहे." पोरं गप्प होऊन बघायची. मग बाई निवृत्त झाल्या. आमच्याकडची हवा तुम्हाला ठाऊकच आहे. पावसाचे चार महिने कपाटातल्या पुठ्ठ्यांना बुरशी येते, चामड्याच्या चपलांना येते, तिथे माझ्या चिठ्ठीचा डिंक काय टिकणार? चिठ्ठी गळून पडली. त्याच वर्षी थायरॉइडची, म्हणजे गळ्यातल्या अवटू ग्रंथीची स्लाईड कुणाच्या तरी हातून फरशीवर पडून चक्काचूर झाली. मी तिच्या शेजारीच होते, मीही पडले. माझा नुसता कोपरा गेला.

बाईंच्या जागी आलेले सर तेव्हा नवे होते. अभ्यासक्रमात थायरॉइड होती आणि खोक्यात नव्हती. त्यांनी मला भिंगाखाली धरलं. थायरॉइडमध्येही अशाच गोल खोल्या असतात, त्यांतही असाच गुलाबी साका असतो. घाईत कुणीही फसावं इतक्या आम्ही सारख्या दिसतो. पण थायरॉइडला नळी नसते. ती आपला रस थेट रक्तात सोडते. हे सर स्वतःच वर्गात फळ्यावर लिहायचे. त्यांना थायरॉइड हवी होती आणि समोर मी होते. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि माझ्यावर डकवली.

त्या दिवसापासून मी थायरॉइड झाले. परीक्षेत चिठ्ठीवर कागद चिकटवतात आणि स्लाईड भिंगाखाली ठेवून ती कशाची ते ओळखायला सांगतात. म्हणून पोरांनी आपली युक्ती काढली. लांब ओरखडा असलेली म्हणजे यकृत, कडेला पिवळा डिंक ओघळलेली म्हणजे मूत्रपिंड, आणि कोपरा फुटलेली म्हणजे थायरॉइड. मोठ्यांनी धाकट्यांना सांगायचं, धाकट्यांनी त्यांच्या मागच्यांना. डोळा भिंगाला लावायचा, पण नजर माझ्या कोपऱ्यावर ठेवायची. किती जण माझ्यावर पास होऊन गेले! त्यांतल्या एकानेही मला पाहिलं नाही.

मग रसिका आली. जवळच्या भाट्ये गावची. तिचा नवरा धम्मदीप मुंबईत कामाला, घरी सासू नंदाबाई आणि तान्ही राही. आदल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांतच ती बाळंत झाली, म्हणून शेवटचं वर्ष राहिलं. ते ती पुन्हा करत होती. प्रॅक्टिकल लांबायचं, म्हणून नंदाबाई नातीला घेऊन बसने यायच्या आणि आमच्या खिडकीबाहेर बकुळीखाली बसून राहायच्या. मधेच खिडकीतून हाक यायची, "रसिका, पोरीनं मूठ चोखून लाल केलीन गो. तुझं काय ते आटप!"

कधी कधी आटपत नसे. राही रडायची आणि इकडे रसिकाच्या पांढऱ्या ॲप्रनवर ओला डाग पसरायचा. ती वही छातीशी धरून उभी राहायची. शेजारच्या टेबलावरची तेजस्वी मोठ्याने म्हणायची, "काय गो, डेअरी उघडलीस? आम्हाला चहापुरतं ठेव हां!" पोरं हसायची. हसणाऱ्यांत मुलीच जास्त होत्या.

रसिकाला युक्त्या सांगायला कुणी नव्हतं. तिच्या वर्गातली मुलं पुढे निघून गेली होती आणि या मुलांनी तिला आपल्यात घेतलं नाही. त्यामुळे तिला एकच मार्ग उरला. ती बघायची. त्या दिवशी माझी पाळी आली. तिने भिंग हळू फिरवलं, उजेड कमी केला, पुन्हा वाढवला. किती वर्षांनी कुणाचा तरी डोळा माझ्या खोल्याखोल्यांतून फिरत होता! फिरत फिरत तो नळीपाशी येऊन थांबला.

"सर," ती म्हणाली, "हिच्यात नळी आहे."

सर आले, पण वाकले नाहीत. "कापताना घडी पडली असेल."

"घडी नाही सर. नळीला आतून पेशींचं अस्तर आहे. आणि थायरॉइडला तर नळी..."

"रसिकाबाई," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गेल्या साली तुम्हाला पोर झालं. यंदा आमच्या थायरॉइडला नळी फुटली. पुढल्या साली काय?"

सगळी प्रयोगशाळा हसली. मी काच आहे, मला कान मिटता येत नाहीत.

परीक्षेच्या सकाळी नंदाबाई खिडकीपाशी तिला म्हणाल्या, "यंदा तरी यातनं सूट बाय. एवढं वर्ष मी पोरीला बघितलं. पुढल्या साली माझे गुडघे साथ द्यायचे नायत." रसिकाने मान हलवली. पदवी मिळाली तर याच प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळण्यासारखी होती. मग राहीला टाकून कुठे लांब जायला नको होतं. नाही मिळाली तर शिक्षण इथेच संपणार होतं. हे तिलाही ठाऊक होतं आणि सरांनाही.

घंटा वाजली, मुलं एकेका सूक्ष्मदर्शकापुढून सरकू लागली. रसिका माझ्यापाशी आली. कोपऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. भिंगातून पाहिलं आणि लिहिलं, दूध येत असलेली स्तनग्रंथी. खाली कारण लिहिलं, नळी आहे. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारली होती.

मग तोंडी परीक्षा. समोर सर आणि बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई. सरांनी तिचा कागद वाचला आणि हसून बाईंपुढे सरकवला. "हिला तान्हं पोर आहे. घरी जे चाललंय तेच हिला सगळीकडे दिसतं."

बाई म्हणाल्या, "चिठ्ठीवर काय आहे?"

"थायरॉइड."

"मग झालं की."

मी हातभर अंतरावर भिंगाखाली होते. दिवा अजून चालू होता. नुसतं वाकायचं होतं.

"मॅडम, एकदा बघाल का?" रसिका म्हणाली. "त्यात दूध आहे."

"तुझ्या पदरी पोर आहे म्हणून सवलत नाही मिळत हं," बाई म्हणाल्या.

बाहेर राही रडायला लागली. आधी कुरकूर, मग टाहो. सरांनी आपलं पेन टेबलावर ठेवलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि मला तोच जास्त लागला. "हे बघ, तुझ्या भल्याचं सांगतो. तसे तुझे गुण काठावर आहेत. एक ओळ खोड, नीट नाव लिही आणि जा पोरीला घे. का बसायचंय अजून एक वर्ष?"

रसिकाने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. लेक रडली तशी तिला पान्हा फुटला, ॲप्रन भिजला, आणि तशाच भिजल्या ॲप्रननिशी तिने पेन उचललं. दूध खोडलं. वर लिहिलं, थायरॉइड.

"आता कसं शहाण्यासारखं!" सर म्हणाले.

ती पास झाली. सरांनी शब्द टाकला आणि मदतनिसाची जागाही तिला मिळाली. आता आमचं खोकं तिच्याच ताब्यात असतं. तिच्याइतक्या मायेने मला कुणी पुसलं नव्हतं. मऊ कापड घेते, हलक्या हाताने फिरवते, धुळीचा कण राहू देत नाही. फक्त मला भिंगाखाली ठेवलं की स्वतः वाकत नाही.

परवा नव्या वर्गातली स्नेहल नावाची मुलगी खूप वेळ माझ्यावर डोळा लावून बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, ह्यात नळी दिसते ना हो?"

रसिकाचा हात थांबला. सर पलीकडच्या टेबलाशी होते. तिने स्नेहलला बाजूला घेतलं, लहान बहिणीला सांगावं तशी समजावत म्हणाली, "नळी बघायची नाही गो. कोपरा बघ. कोपरा फुटलेली म्हणजे थायरॉइड."

मित्रांनो, मला तिचा राग येत नाही. तुम्हीही तिच्यावर राग धरू नका. मला पुसायला, जपायला आता माणूस आहे, आणखी पुष्कळ वर्षं मी टिकेन. पण टिकून काय करू? तुमच्या हातात कधी माझ्यासारखी एखादी आली, तर चिठ्ठी वाचण्याआधी एकदा वाका. आणि कुणी वाकून काही पाहिलं असं म्हणालं, तर हसण्याआधी तुम्हीही वाका. स्नेहलने दुसऱ्यांदा भिंगाला डोळा लावला नाही. तिने वहीत फुटक्या कोपऱ्याचं चित्र काढून घेतलं.